जाळ्यात आला तो सगळाच पाटीत?

उन्हाळा चढू लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या धरणांचे पाणी मागे सरकते, काठचा गाळ उघडा पडतो आणि मासेमारीची रीतही बदलते. एरवी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून खोल पाण्यात जाळी लावणारा मच्छीमार आता गुडघाभर, फार तर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फेकजाळे टाकतो. जाळ्याची एक कड दातांत, थोडा घेर कोपरावर, बाकीचा हातात. अंग झटक्यात वळते, जाळे गोल पसरून पडते आणि कडेचे शिसे त्याला तळाशी नेते. दोरी ओढली की जे सापडेल ते सापडेल: पावशेराचा रोहू, बोटाएवढ्या चिलाप्या, एखादी वाम, क्वचित मरळ. सगळे जिवंत. कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला याहून चांगली वेळ नाही. पण बहुतेक वेळा ठरवले काहीच जात नाही. सगळेच पाटीत जाते.

हा प्रश्न किनारपट्टीचा आहे, मराठवाड्याचा नाही, असा एक समज आहे. कोकणात त्याची चर्चा तरी होते. सातपाटीच्या मच्छीमारांनी पापलेट कमी होत असल्याची ओरड अनेक वर्षे केली, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. राज्याने समुद्रातल्या 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला आहे. पापलेट 135 मिलिमीटरहून लहान नको, बोंबील 180 हून लहान नको. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी. अंमलबजावणी किती होते हा वादाचा विषय असेल, पण निदान पट्टी ठरलेली आहे. मासा पट्टीवर ठेवला की तो लहान आहे की नाही यावर भांडण उरत नाही.

तुळजापूर, उमरगा किंवा कळंबच्या बाजारात मात्र हाताएवढा रोहू आणि बोटाएवढा कटला राजरोस विकला जातो, आणि त्यात काही वावगे आहे असे ना विकणाऱ्याला वाटते ना घेणाऱ्याला. मुळात हे मासे इथे येतात कसे, हेच अनेकांना माहीत नसते. रोहू, कटला, मृगळ या माशांना अंडी घालायला पावसाळी नदीचे वाहते, चढते पाणी लागते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते मोठे होतात, गाभोळी धरतात, पण बहुधा वीण होत नाही. म्हणून दरवर्षी बीज आणून सोडावे लागते. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण करवली, तेव्हापासून देशभरातल्या तळ्यांत बीज पोहोचू लागले. आधी जिरे, मग बीज, मग बोटुकली असा त्याचा प्रवास. मच्छीमार सहकारी संस्था धरणातल्या मासेमारीच्या ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली विकत घेते, गाडीचे भाडे देते आणि ती पाण्यात सोडते. आणि तीच बोटुकली चार महिन्यांनी बारीक जाळ्यात अडकून बाहेर येते.

याचा हिशेब कुणीही बोटांवर करू शकेल. शंभर ग्रॅमचे दहा रोहू विकले तर एक किलो मासळी झाली. तेच दहा मासे पाण्यात राहिले, त्यांतले निम्मे मेले, चोरीला गेले किंवा मरळीने खाल्ले, तरी उरलेले पाच वर्ष-सव्वा वर्षात पाऊण-एक किलोचे होतात. म्हणजे चार-पाच किलो मासळी, आणि मोठ्या माशाला किलोमागे भावही जास्त. सोयाबीन फुलोऱ्यात असताना कापून आणणाऱ्या शेतकऱ्याला गाव वेड्यात काढील. मासळीच्या बाबतीत हेच घडते आणि त्याला कुणी काही म्हणत नाही, कारण पाण्याखालचे पीक कुणाला दिसत नाही.

मग सगळेच लहान मासे सोडायचे का? नाही. इथेच कोकणची पट्टी जशीच्या तशी उचलून धाराशिवला चालत नाही, आणि इथेच माशांची ओळख लागते.

चिलापी घ्या. 1952 साली हा आफ्रिकी मासा भारतात आणला गेला आणि आज शेजारच्या उजनी धरणात जाळ्यात तीच सर्वांत जास्त दिसते. चिलापीला वाहते पाणी लागत नाही, बीज सोडावे लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिले तोंडातच सांभाळते आणि काही आठवड्यांनी पुन्हा विते. वाढ पुरी होण्याआधीच, अगदी चार-पाच महिन्यांची असतानाच, ती वीण धरते. त्यामुळे चिलापी फार झाली की खाणे पुरत नाही, आणि तळे बोटाएवढ्या, खुंटलेल्या माशांनी भरते. अशा पाण्यात लहान चिलापी दयेने परत सोडणे म्हणजे रोहू-कटल्याच्या तोंडचा घास काढून घेणे. ती लहान असो वा मोठी, पाटीतच जायला हवी. तळलेली बारीक चिलापी हे गरिबाघरचे स्वस्त प्रथिन आहे. तिच्यावर आकाराचे बंधन घालून कुणाचे भले होणार नाही.

थाई मांगूर तर कोणत्याही आकाराचा सोडायचा नाही. या आफ्रिकी मांगुरावर केंद्राने 2000 साली बंदी घातली, पुढे हरित लवादानेही ती कडक केली. तरी पुणे आणि सोलापूर भागात तो चोरून पाळला जातो आणि पकडलेला साठा नष्ट करण्याची कारवाई अधूनमधून होते. तो सर्वभक्षी आहे, थोडा वेळ पाण्याबाहेरही तग धरतो, आणि पुरात शेततळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जायला त्याला फार काही लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने परंडा आणि भूम तालुक्यांत हाहाकार केला, शेते खरवडून नेली. अशा पुरात कुठल्या तळ्यातले काय कुठे जाऊन पडते, याचा हिशेब कोण ठेवणार? जाळ्यात मांगूर आला तर तो देशी की परका हे ओळखता येणे आणि परका असेल तर पुन्हा पाण्यात न टाकणे, एवढे तरी प्रत्येक संस्थेच्या सभासदाला शिकवायला हवे.

मरळीची गोष्ट अगदी उलटी. मरळ देशी, भाव उत्तम, बारीक काटे नाहीत, आजाऱ्याला आवर्जून देतात. ती साचलेल्या पाण्यातही विते. काठच्या गवतात जागा साफ करून ती अंडी घालते आणि पिले निघाली की नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. पावसाळ्यात काठाला उभे राहून नीट पाहिले तर तांबूस-केशरी पिलांचा एक थवा दिसतो. सगळी एकदम श्वास घ्यायला वर येतात, पाण्यावर बारीक बुडबुडे उठतात, आणि थवा पुन्हा खाली जातो. त्याच्या खाली, हातभर अंतरावर, आई-बाप असतात. जाणता गळवाला नेमका हाच थवा शोधतो आणि त्यावर बेडकीचा गळ टाकतो. राखणीवरची मरळ भूक नसतानाही झडप घालते. ती गेली की बाकीचे मासे पिलांचा फडशा पाडतात. एका गळाने एक मासा मिळतो आणि शेकडो मरतात. मच्छीमारांतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असते, आणि थव्यावर गळ टाकू नये असे सांगणारेही त्यांच्यात भेटतात. या एका गोष्टीला तरी जिल्ह्यात नियमाचे बळ मिळायला हवे: जून ते सप्टेंबर पिलांच्या थव्यावर गळ किंवा जाळे टाकायचे नाही.

पहिल्या पावसानंतर ओढ्यांना पाणी येते आणि मासे उलट्या प्रवाहाने वर चढू लागतात. चढणीचे मासे पकडणे हा खेड्यापाड्यांतला मोठा सोहळाच असतो. पोरेसोरे, बाया-बाप्ये, सगळे घोटाभर पाण्यात उतरतात. धोतर, साडी, मच्छरदाणी, हाताला लागेल त्याचे जाळे होते. गंमत खरी, चवही खरी. पण वर चढणारा मासा अंडी घालायलाच निघालेला असतो. मादीचे पोट मऊ आणि फुगीर असते, मागचे छिद्र लालसर सुजलेले. रोहू-कटल्याच्या नराचा छातीचा पर या दिवसांत बोट फिरवले तर खरखरीत लागतो आणि पोट हलके दाबले की दुधासारखे वीर्य बाहेर येते. एवढे पाहायला दोन क्षण पुरतात. किलो-दोन किलोच्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. धरणात न विणारे हे मासे वर्षातून याच आठ-दहा दिवसांत, याच ओढ्यात नैसर्गिकरीत्या वीण धरू शकतात. बीज विकत आणणाऱ्या संस्थेने फुकट मिळणारे बीज गाभोळीच्या कालवणात घालवू नये.

परदेशात हा विचार नियमात उतरला आहे. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे राहून गळ टाकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. तिथे रेड ड्रम नावाचा मासा 20 इंचांपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो, आणि 28 इंचांपेक्षा मोठा असेल तरीही सर्वसाधारणपणे सोडावाच लागतो. ठेवायचा तो मधल्या मापाचा. कारण सरळ आहे: लहान अजून विलेला नसतो आणि मोठी मादी सर्वांत जास्त अंडी देते. आपल्याकडे मोठा मासा म्हणजे फोटो काढण्याचा आणि वाटे घालण्याचा मासा. चढणीच्या दिवसांत तरी मोठी मादी सोडून देणे हेच शहाणपणाचे आहे.

आता या सगळ्याला धाराशिवचे एक कठोर उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणजे दुष्काळ. आज सोडलेला मासा पुढच्या वर्षी मोठा होईल, हे गृहीत धरायला पुढच्या वर्षी धरणात पाणी असावे लागते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. 224 दशलक्ष घनमीटर क्षमतेचे धरण, ज्याच्या फुगवट्यावर कळंब तालुक्यातल्या गावांतली मासेमारीही चालते, तळ दाखवून मोकळे झाले. माकणीचे निम्न तेरणा, परंड्याचे सीना कोळेगाव यांचीही साठ्याची टक्केवारी दर काही वर्षांनी शून्याखाली गेल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी पावशेराचा रोहू सोडून देणाऱ्या मच्छीमाराला भोळा म्हणतील. पाणी तापते, प्राणवायू कमी होतो, मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात आणि एका रात्रीत पांढरे पोट वर करून तरंगतात. आटत्या पाण्यात सोडलेला मासा वाचत नाही, फक्त वाया जातो.

म्हणून इथला नियम सेंटिमीटरच्या पट्टीइतकाच पाण्याच्या पट्टीवर बांधायला हवा. दिवाळीला धरण भरलेले असेल तर अर्ध्या किलोच्या आतला रोहू, कटला, मृगळ धरायचा नाही. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचे माप, त्या हिशेबाने मोठा ठेवायचा. मार्चमध्ये साठा मोजायचा. पाणी पावसाळ्यापर्यंत पुरणार असेल तर तोच नियम पुढे चालू. पुरणार नसेल तर धरण्याची मोकळीक द्यायची, पण एक डोह राखून. धरणाच्या जुन्या नदीपात्रात सर्वांत खोल जागा कुठे आहे हे प्रत्येक गावच्या मच्छीमाराला माहीत असते. ती जागा बीजाची जागा म्हणून शेवटपर्यंत राखायची. देशी मरळ, वाम, शिंगटी यांना पुढच्या पावसाळ्यात धरण पुन्हा भरायला एवढा आसरा पुरतो.

डोह राखण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने महसीर मासे पिढ्यान् पिढ्या राखले गेले. देवाच्या नावाने जे जमले ते संस्थेच्या ठरावाने का जमू नये? नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बंधारा घालून पाणीमहाल उभारला गेला. नर-मादी धबधबे पाहायला पावसाळ्यात हजारो लोक तिथे येतात. किल्ल्याच्या कोटात अडलेले ते पाणी मासे राखण्यासाठी जिल्ह्यातली पहिली जागा म्हणून घोषित करता येईल. राखण करायला भिंत आहे, आणि राखलेले मासे दाखवायला पर्यटकही आहेत.

एका माशाबद्दल मात्र दुष्काळ-सुकाळ काही न पाहता सोडण्याचाच नियम असावा. तो म्हणजे अहीर. सापासारखा लांब, गुळगुळीत, दगडाच्या कपारीत दडणारा हा मासा नदीत वाढतो आणि विण्यासाठी समुद्रात जातो. धाराशिवचे पाणी बालाघाटाच्या रांगेवरून दोन वाटांनी निघते: तेरणा मांजरेतून गोदावरीला मिळते, सीना आणि बोरी भीमेतून कृष्णेला. दोन्ही वाटा बंगालच्या उपसागराला जातात. म्हणजे तेरणेच्या एखाद्या डोहात अहीर सापडला, तर त्याने बोटभर असताना समुद्रातून निघून शेकडो किलोमीटर उलटा प्रवास केलेला असतो. आज त्या वाटेवर श्रीरामसागर आहे, निझामसागर आहे, आणखी कितीतरी बंधारे आहेत. इतके ओलांडून आलेला मासा आता विरळाच. समुद्र नसलेल्या जिल्ह्याचे समुद्राशी असलेले हे शेवटचे जिवंत नाते आहे आणि ते कालवणात संपू नये.

सोडायचा म्हणजे नुसता फेकून द्यायचा नाही, हेही सांगायला हवे. फेकजाळ्यातला आणि गळाचा मासा वाचू शकतो. हात ओले करून धरला, कल्ल्यात बोट घातले नाही, गाळात न आपटता पाण्यात सोडला, तर बहुधा जगतो. फासजाळ्यात कल्ले अडकून रात्रभर लटकलेला मासा सोडून काही उपयोग नसतो. त्याची निवड आधीच, जाळे विकत घेतानाच झालेली असते. उजनीवर वडाप नावाच्या बारीक जाळ्यांविरुद्ध तिथल्याच मच्छीमारांनी आवाज उठवला तो याच कारणाने. सुरुंग आणि विषाला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. विजेचा करंट सोडून मासे मारणारे तर निवड हा शब्दच पुसून टाकतात. त्यांना फक्त दंड नव्हे, तुरुंग दिसला पाहिजे.

आणि हा भार एकट्या मच्छीमारावर टाकणे अन्यायाचे होईल. पाण्यात उभा असलेला माणूस बहुधा भोई समाजातला, जमीन नसलेला किंवा कोरडवाहू तुकड्यावर जगणारा असतो. आपण सोडलेला मासा पलीकडच्या काठावरचा माणूस रात्री चोरून धरणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या एकट्याच्या संयमाने तळे वाचत नाही. फक्त त्याच्या घरची चूल त्या दिवशी थंड राहते. संयम सगळ्यांनी मिळून, ठेक्याच्या अटीतून आणि राखणदाराच्या पगारातून यावा लागतो. दुष्काळी वर्षी ज्या संस्थेने डोह राखला, तिची ठेक्याची रक्कम सरकारने माफ करावी आणि पुढच्या वर्षीची बोटुकली निम्म्या दराने द्यावी. धरण आटले तरी पूर्ण ठेका भरावा लागणार असेल, तर ती संस्था शेवटचा मासाही काढणारच, आणि तिला दोष देता येणार नाही.

दुसरी जबाबदारी गिऱ्हाइकाची. सोलापूरच्या मंडईत काय किंवा धाराशिवच्या आठवडी बाजारात काय, बारीक रोहू खपतो म्हणून तो धरला जातो. पाटीत अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला दिसला तर तो घेऊ नये आणि तसे विकणाऱ्याला सांगावे. त्याऐवजी चिलापी मागावी. आषाढात गाभोळी भरलेली मरळ मागू नये. श्रावण बहुतेक घरांत पाळलाच जातो. त्याच्या आधीचे, पहिल्या पावसापासूनचे आठवडे मरळीपुरते वाढवले तर फार मोठा त्याग होत नाही.

बोटुकली सोडण्याचे दिवस जुलै-ऑगस्टचे. ठेक्याच्या अटींत जाळ्याचा आस, मार्चमधली साठ्याची तपासणी आणि राखीव डोह या तीन गोष्टी घालायच्या असतील, तर मत्स्यव्यवसाय विभागाने जिल्ह्यातल्या संस्थांना त्याआधी, मे महिन्यातच बोलावून बसायला हवे. तेव्हा धरणे उघडी पडलेली असतात, आणि कोणता डोह राखायचा हे नकाशा न मांडता काठावर उभे राहूनच दाखवता येते.